साताऱ्याचे वसतिगृह आणि लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र

साताऱ्याला आपले लोक जातात ते बहुधा ७ नोव्हेंबरच्या सुमारास. १९०० साली याच तारखेला सुभेदार रामजींनी आपल्या भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात घातले. राजवाड्यातील त्या शाळेला आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. रजिस्टरातील १९१४ या क्रमांकाची ती नोंद आपल्या समाजातील पोराटोरांनासुद्धा पाठ आहे. २०१७ पासून महाराष्ट्र शासनही हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्याच्या चार वर्षे आधी, १८९६ साली, माता भीमाबाईंचे निधन याच गावी झाले आणि त्यांची समाधीही येथेच आहे. तेव्हा आपली मंडळी गाडी करून येतात, शाळा पाहतात, समाधीला फुले वाहतात, पोरांसाठी कंदी पेढ्याचा पुडा घेतात आणि संध्याकाळी परत फिरतात.

माझे सांगणे एवढेच आहे की, पुढच्या खेपेला आणखी अर्धा दिवस हाताशी ठेवा. पोवई नाक्यावर उतरा आणि कर्मवीर समाधी परिसरात जाऊन या. रयत शिक्षण संस्थेचे मुख्य कार्यालय तेथेच आहे आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांची समाधीही तेथेच आहे. जाताना मनात मात्र दोन नावे ठेवा. एक भाऊरावांचे, दुसरे लक्ष्मीबाईंचे. पहिले नाव साताऱ्यात जागोजागी दिसते. दुसरे विचारावे लागते.

गेल्या जून महिन्यात मी साताऱ्याला गेलो तो काही सहलीला म्हणून नव्हे. आमच्या वस्तीतील एक ताई धुण्याभांड्याची कामे करतात. त्यांचे मूळ गाव माण तालुक्यात. थोरल्या मुलीला त्यांनी आजीकडे ठेवून बारावीपर्यंत शिकवले. मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली, साताऱ्यातील एका कॉलेजात बी.एस्सी.ला नंबर लागला. पण वसतिगृहाच्या पहिल्या यादीत नाव नव्हते. फॉर्म भरायला, साहेबांना भेटायला कोणीतरी लिहिता-वाचता माणूस बरोबर हवा म्हणून ताई म्हणाल्या, "दादा, तुम्ही चला." मी कारकून माणूस. फॉर्म, झेरॉक्स, सत्यप्रत, शिक्का यांत माझी निम्मी हयात गेलेली. रजा टाकली आणि स्वारगेटहून सकाळच्या एस.टी.ने निघालो.

खंबाटकीचा घाट चढेपर्यंत ताई गप्प होत्या. पलीकडे उतरल्यावर त्यांनी मनातले बोलून दाखवले. "कॉलेजची फी माफ होईल हो दादा, पण पोरीनं राहायचं कुठं? भाड्याच्या खोलीवर एकटीला मी ठेवायची नाही. आन् ठेवायची म्हटलं तरी पैसा कुठनं आणू?"

वाचकहो, हा प्रश्न आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका नवरा-बायकोने आपल्या घरात घेतला, आणि त्याच्या उत्तरातून महाराष्ट्रातील केवढी तरी कॉलेजे उभी राहिली. एस.टी.त बसल्या बसल्या मी ताईंना तीच हकीकत सांगू लागलो. पुढच्या सीटवरची मुलगी मान वळवून ऐकत होती.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७चा, कोल्हापूरकडील कुंभोज गावचा. घराणे जैन, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. शिकायला कोल्हापुरास जैन बोर्डिंगात होते. १९०८ साली अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर फर्मान सुटले, आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय जेवणघरात पाऊल टाकायचे नाही. भाऊरावांनी साफ नकार दिला. बोर्डिंगातून नाव कमी झाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला खरा, पण शाळेचे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. ज्यांच्या नावावर पुढे कॉलेजांची रांग लागली तो माणूस मॅट्रिकसुद्धा नव्हता, हे आपल्या नापास पोरांना जरूर सांगावे. अर्थात अभ्यास न करायला सबब म्हणून नव्हे!

शाळेच्या दाराबाहेर बसवलेला एक अस्पृश्य मुलगा त्यांना दिसला. त्याला त्यांनी हाताला धरून कोल्हापूरला नेले आणि त्याच मिस क्लार्क बोर्डिंगात घातले. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चे पहिले संपादक पांडुरंग नंदराम भटकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक हेच घोलप. पुढे ते मुंबई कायदेमंडळाचे सभासदही झाले. आपल्या पत्रकारितेचा इतिहास सांगताना घोलपांचे नाव आपण घेतो, परंतु त्यांना शाळेच्या उंबऱ्यावरून कोणी उठवले हे सांगायचे राहून जाते.

पुढे भाऊराव साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या करू लागले. विमा, ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल, किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी हिंडले. फिरतीच्या नोकरीने त्यांना एक गोष्ट दाखवली. गावात पोर हुशार निघते, चौथी होते, आणि पुढची शाळा तालुक्याला असते. तिथे जेवायचे आणि झोपायचे कुठे? शाळेचे दार कायद्याने उघडे असले तरी गरिबाच्या पोराला ते बंदच. म्हणून भाऊरावांनी शाळेच्या आधी वसतिगृहाला हात घातला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेत, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली बिऱ्हाड साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले.

येथवरची हकीकत सगळ्या पुस्तकांत सापडते. ताईंनी मध्येच विचारले, "आन् सैपाक कोण करायचं?"

माझ्या मते भाऊरावांच्या चरित्रातला हाच मुख्य प्रश्न आहे आणि तो एका बाईनेच विचारावा लागतो. लक्ष्मीबाई जैन घरातल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. नवरा सदा फिरतीवर. आणि घरात एकेक करून पोरे येऊ लागली. मराठा आले, महार आले, मांग आले, मुसलमान आले. कोणाला खरूज, कोणाला ताप, कोणी आईच्या आठवणीने रात्री रडणारे. लक्ष्मीबाईंना हे सोपे गेले असेल असे मानण्यात अर्थ नाही. लहानपणापासून अंगात मुरलेली शिवाशिव पुस्तक वाचून जात नाही. नवऱ्याने भाषण केले की त्याची शिवाशिव सभेत संपते. बाईची संपायची तर ती चुलीपुढे संपावी लागते, त्याच हातांनी भाकरी थापून त्याच पोराच्या ताटात वाढावी लागते. लक्ष्मीबाईंनी ती वाढली. त्या या पोरांच्या आई झाल्या.

या ठिकाणी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिलेला प्रसंग याच जिल्ह्यातला आहे, १९०१च्या सुमाराचा. वडील दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच गाडीवाला मिळेना, आणि अंगावर चांगले कपडे, जवळ डबा असूनही पाण्यावाचून जेवण तसेच राहिले. लहानग्या भिवाला रात्रभर या जिल्ह्याने घोटभर पाणी दिले नाही. पंचवीस वर्षांच्या आत त्याच जिल्ह्यात एका घरात सगळ्या जातींची पोरे एका पंक्तीला बसून जेवत होती. एवढ्याने जात गेली असे कोणी म्हणू नये. पंक्तीतून उठून तीच पोरे आपापल्या गावी गेली की पाणवठे वेगळेच होते. पण ज्या पोराने एकदा तिथे बसून भाकरी खाल्ली त्याला, खाली मान घालून बसणे हीच आपली रीत आहे, असे पुन्हा कोणी पटवू शकले नसेल.

आता पैशाचे पाहू. वसतिगृह चालायचे कशावर? मुष्टीफंडावर. घरोघरच्या बायकांनी रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि मुलांनी झोळी घेऊन ते गोळा करायचे. शिवाय देणग्या. देणगी म्हणजे बेभरवशाचा पैसा, हे ज्याने एकदा तरी जयंतीची वर्गणी गोळा केली आहे त्याला सांगायला नको. कबूल करणारे दहा, देणारे तीन. अशा वेळी लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून गेले. माहेरचे गेले, सासरचे गेले. शेवटी एक दिवस भाऊराव देणग्यांसाठी बाहेरगावी असताना कोठीत दाणा उरला नाही. पोरे उपाशी. लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि धान्य आणवले.

हे ऐकून ताईंनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आपल्या रमाईनं बी असंच केलं होतं की." खरे आहे. धारवाडच्या बोर्डिंगातील मुले उपाशी आहेत हे कळल्यावर रमाईंनी हातातले सोने काढून दिल्याची गोष्ट आपल्या घरोघर सांगितली जाते. दोघी एकमेकींना ओळखत असोत-नसोत, दोघींचे सोने एकाच कामी आले.

कारकून असल्यामुळे माझे डोके वेगळीकडे चालते. आमच्या ऑफिसात एक रुपया आला तरी पावती फाडतात, जमेला धरतात, वर्षअखेरीस ऑडिटर खूण करतो. हजार रुपये देणाऱ्याचे नाव संगमरवरावर कोरतात. मग हे मंगळसूत्र कोणत्या रकान्यात लिहायचे? देणगी म्हणावी तर देणारी घरचीच. भांडवल म्हणावे तर परत कधी मिळाले नाही. आणि रोजच्या भाकऱ्या, उष्टी काढणे, तापातल्या पोराच्या उशाशी बसणे, याला तर रकानाच नाही. संस्था उभारणाऱ्या बायकांची नावे इतिहासातून अशीच गळतात. त्यांचा हिशेब ज्या वहीत लिहायचा ती वहीच कोणी ठेवलेली नसते.

लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या. त्यांनी कॉलेज पाहिले नाही. संस्थेचे हायस्कूलही पाहिले नाही. त्यांच्यामागे भाऊराव एकोणतीस वर्षे राबले. १९३२ साली त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले, ते पुणे कराराची आठवण म्हणून. पुणे करार म्हटले की आपल्या मनात काय येते ते येथे लिहायला नको, आणि ते विसरायचेही कारण नाही. पण आठवण म्हणून पुतळा न उभारता गोरगरीब पोरांची राहण्याची सोय केली, हे त्या माणसाचे वेगळेपण म्हणावे लागेल. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले, कारण खेड्यात जायला मास्तर हवा आणि शहरातला मास्तर खेड्यात टिकत नाही. डोंगरकपारीत शेकडो व्हॉलंटरी शाळा निघाल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आले.

आणि जून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज.

हे कॉलेज आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावे. तोपर्यंत कॉलेज म्हणजे पुण्या-मुंबईची गोष्ट. खेड्यातील पोराला तेथे जायचे तर नातेवाईक हवा नाहीतर पैसा हवा. शिवाजी कॉलेजात विद्यार्थी राहायचे तेथेच, आणि फीच्या बदल्यात श्रम करायचे. माती वाहायची, दगड फोडायचा, शेतात राबायचे आणि मग पुस्तक उघडायचे. 'कमवा आणि शिका' ही योजना आज प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात छापलेली असते. तेथे आता बहुधा लायब्ररीत पुस्तके लावणे, ऑफिसात नोंदी करणे एवढे काम असते. साताऱ्याच्या पोरांच्या हाताला मात्र घट्टे पडले होते. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली ती १९४५ मध्ये, सिद्धार्थ कॉलेज सुरू केले १९४६ मध्ये. तेथे नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. मुंबईत कामगाराची वेळ आडवी येत होती, साताऱ्यात शेतकऱ्याच्या पोराचे पोट आडवे येत होते. दोघांनीही आधी अडचण ओळखली आणि मग कॉलेज बांधले. मी स्वतः नोकरी सांभाळून, पहाटे उठून बी.कॉम. झालो, तेव्हा वेळेची सोय म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

१९४८ साली सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले, तेव्हा गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला. १९५४ साली कऱ्हाडला कॉलेज निघाले, त्याला भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. निरक्षर माणसाचे नाव कॉलेजला! १९५९ मध्ये पद्मभूषण आले, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली आणि ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले. त्यांच्या हाताखाली वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. क्रांतिबा फुल्यांच्या 'गुलामगिरी'चा इंग्रजी अनुवाद त्यांनीच केला. आज संस्थेची चाळीसहून अधिक महाविद्यालये आहेत, आणि २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने विद्यापीठही झाले. मॅट्रिक न झालेल्या माणसाचे विद्यापीठ.

साताऱ्यात उतरलो तेव्हा पावसाची भुरभुर होती. अजिंक्यतारा ढगात अर्धा बुडालेला. पोवई नाक्याखालून आता रस्ते काढले आहेत, त्यामुळे जुन्या माणसाची दिशाभूल होते. आधी कॉलेजचे काम उरकले. फॉर्मवर तीन ठिकाणी सह्या, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आईचे हमीपत्र. ताईंनी सही केली. प्रौढ वर्गात शिकलेली सही, थोडी वाकडी पण ठसठशीत. दुसरी यादी चार दिवसांनी लागणार असे कळले.

तेथून समाधी परिसरात गेलो. संस्थेचे बोधचिन्ह वडाचे झाड आहे आणि ब्रीद स्वावलंबी शिक्षणाचे. मुलगी समाधीपुढे हात जोडून उभी राहिली. मग तिने मला विचारले, "काका, लक्ष्मीबाईंच्या वेळी मुली होत्या का हो वसतिगृहात?" प्रश्न बरोबर होता. सुरुवातीची ती पंगत मुलांचीच होती. एक बाई दागिने मोडून पोरांना जेवू घालत होती, पण पोरींना घरातून बाहेर पाठवायला गाव तयार नव्हता. मुलींची वसतिगृहे नंतर आली. सोलापूरला लक्ष्मीबाईंच्या नावाने मुलींचे कॉलेजही आहे. हे सांगितल्यावर मुलगी म्हणाली, "मग त्यांचं खरं काम आमच्यापासून सुरू होतं." मी काही बोललो नाही. ताई मात्र तिच्याकडे बघतच राहिल्या.

एक सूचना करतो. आपल्यापैकी अनेकांच्या गावी, तालुक्याला समाजमंदिरे आहेत, विहारे आहेत. वर्षातले दहा दिवस गजबजतात, बाकी दिवस कुलूप. त्यातील एखादी खोली, चार गाद्या आणि एक गॅस शेगडी एवढ्यावर चार मुलांचे कॉलेज निभावते. आमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये हा विषय मी मांडला आहे. पहिला आक्षेप आला लाइट बिलाचा, दुसरा आला जबाबदारीचा. लाइट बिलाचे मी आकडे काढून दाखवले. जबाबदारी कोणी घ्यायची, यावर पुरुष मंडळी बराच वेळ बोलली, आणि मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी हात वर केला. पुढची मीटिंग येत्या पौर्णिमेला आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी. सातारा आणि काले दोन्ही एका दिवसात करू नका, घाई होते. काले गावासाठी कऱ्हाडला उतरून गाडी बदलावी. मुलाबाळांना न्यावे, आणि घरातल्या आईला तर जरूर न्यावे.

मुलीचे नाव दुसऱ्या यादीत लागले. मेसचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरायचे आहेत. पहिल्या महिन्याचे ताईंनी जागेवरच रोख भरले आणि पावती मागून घेतली.